डावऱ्या हाताचा पीळ

पळसदरीच्या जयवंताला आयुष्यात धक्के काही कमी बसले नव्हते. पोशीरहून लग्न होऊन आली त्याच वर्षी सासरा गेला, पुढे धाकटा पोर तापात गेला, आणि गेल्या भाद्रपदात नवरा. तरी ही बाई कधी मटकन खाली बसलेली गावात कोणी पाहिली नव्हती. ती बसली डिसेंबरात, सकाळी साडेदहाला, वनिताबाईंच्या बंगल्यामागच्या भांडी घासायच्या दगडावर. आणि तिला बसवलं कोणी, तर गोडेतेलाच्या डब्याच्या एका पत्र्यानं. हातभर लांबीचा पत्रा, त्यावर अर्धं सूर्यफूल अजून दिसत होतं. आता एका पत्र्यानं असं काय केलं हे सांगायचं तर आधी शेकोटीचं सांगायला हवं, आणि शेकोटीचं सांगायचं तर वनिताबाईंचं.

धरणाच्या बाजूला आता बंगल्यांची रांगच लागली आहे. मालक शनिवारी येतात, मोठ्यानं गाणी लावतात, कोंबड्या खातात आणि रविवारी संध्याकाळी कचरा टाकून पळतात. वनिताबाई त्यातल्या नव्हत्या. मुंबईच्या शाळेतली नोकरी संपली, नवरा आधीच गेलेला, तेव्हा त्यांनी इथं दोन खोल्या आणि एक दिवाणखाना बांधला आणि मुंबईला रामराम ठोकला तो कायमचा. बांधकाम चाललं तेव्हा पायाला पाणी मारायला होती जयवंता आणि सिमेंटच्या गोण्यांवर नजर ठेवायला होता तिचा नवरा गजा. घर उभं राहिलं, गवंडी गेले, ही दोघं मात्र राहिली. जयवंता स्वयंपाक, भांडी, झाडलोट बघायची. गजा बाग, नळ, कुंपण, आणि जे मोडेल ते. नऊ वर्षं झाली. वनिताबाई त्र्याहत्तरच्या, जयवंता चौपन्नची, आणि दोघींचं भांडण झालं नाही असा आठवडा नाही.

शेकोटी आणली मुलानं. कमलेश त्याचं नाव, ठाण्याला असतो, आईवर जीव आहे पण तो जीव वस्तूंतून दाखवायची सवय. आईचे गुडघे थंडीत धरतात म्हणून त्यानं दिवाणखान्याच्या भिंतीत गॅसची फायरप्लेस बसवून दिली. आता कर्जतच्या थंडीला फायरप्लेस म्हणजे हौसच म्हणायची. फार तर महिना दीड महिना, तोही पहाटे आणि दिवेलागणीला, धरणावरून वारा सुटतो तेवढाच. पण आणली. भिंतीतला कोनाडा, त्यात भाजलेल्या मातीचे सहा ओंडके, अगदी खऱ्या लाकडासारखे रंगवलेले, सालीसकट. खाली गॅसची नळी. पुढे जाड काच. बटण फिरवलं की ओंडक्यांमधून जाळ निघतो, आणि जळालेली हवा मागच्या पाइपातून भिंतीबाहेर जाते.

जयवंतानं पहिल्या दिवशी ते बघून तोंडाला पदर लावला. जे जळत नाही ते लाकूड कसलं, आणि ज्याला राख नाही तो विस्तव कसला, असं तिचं म्हणणं. गावात सगळ्यांना सांगत सुटली की बाईंनी मातीची लाकडं जाळायला आणलीत. पण पुढच्याच थंडीत बटाटे सोलायला ती त्या काचेसमोरच बसायला लागली. तिसऱ्या थंडीत तर कोणी पाहुणा काचेला बोट लावेल तर ती त्याच्याकडे असं बघायची की त्यानं बोट खिशात घालावं.

शेकोटीची साफसफाई करायला दिवाळीनंतर स्वराज यायचा. खोपोलीचा पोरगा, सत्तावीसेक वर्षांचा, गॅसच्या शेगड्या आणि गिझर दुरुस्त करणारा, कामाला चोख. तो काम करायचा आणि जयवंता शेजारी उकिडवी बसून बघायची. आधी गॅस बंद. सगळं गार होऊ द्यायचं. काचेच्या खिट्ट्या काढून काच जुन्या गोधडीवर आडवी ठेवायची. ओंडके एकेक करून उचलायचे आणि ज्या क्रमानं उचलले त्याच क्रमानं कागदावर मांडायचे, कारण एक जरी इकडचा तिकडे झाला तरी जाळ ओंडक्यावर आपटतो आणि काजळी धरते. मऊ ब्रशनं धूळ झाडायची, पाणी लावायचं नाही. जाळाच्या भोकांतली जळमटं काढायची. काचेच्या कडेला असलेली जाड दोरी तपासायची, ती नीट दबली नाही तर आतली हवा घरात येते. शेवटी सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघायचं. भिंतीवर एक पांढरी डबी होती, विषारी हवा झाली की ओरडणारी, तिचंही बटण दाबून बघायचं.

आणि मग स्वराज हात पुसत म्हणायचा, आता बाहेरचं बघून येतो. तो उठला की जयवंताही उठायची. काम संपत आलं म्हणजे चहाची वेळ झाली. तो घराला वळसा घालून मागं जायचा आणि ही आत जाऊन आधण ठेवायची. तीन वर्षं हेच. बाहेर जाऊन तो काय बघतो हे तिनं एकदाही पाहिलं नाही. पाहुण्याला चहा गार देणारी बाई ती नव्हे.

आता गजाचं. गजा होता डावरा. कोयता डाव्या हातात, पक्कड डाव्या हातात, जेवताना तेवढा उजवा, तोही आईनं लहानपणी मारून लावलेला. त्यानं तार पिळली की पीळ उलटा पडायचा, आणि दुसरा कोणी ती सोडवायला गेला की सैल व्हायच्या ऐवजी आवळायची. गावात त्यावरून त्याची मस्करी चालायची. गजानं बांधलेलं कुंपण चोरालाही सुटायचं नाही, असं म्हणायचे. गजा हसायचा आणि म्हणायचा की चोर डावरा असला म्हणजे.

वैशाख संपता संपता आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पाऊस लागायच्या आधीची, कामं निघतात. लाकूडफाटा आत घ्यायचा, भिंतीला झड लागते तिथं कागद लावायचा, जिथून म्हणून पाणी आत येईल ते सगळं बांधून बंद करायचं. गजा स्वतःचं घर करायचा तसंच बंगल्याचंही करायचा. मागच्या भिंतीला, भांडी घासायच्या दगडाच्या वर, जाळीचं एक चौकोनी भोक होतं. पश्चिमेची झड थेट त्यात. म्हणून तो दर आगोटीला त्याच्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सपाट करून लावायचा आणि चारी कोपऱ्यांना तार पिळायचा. आणि दसऱ्याला आंब्याचा टाळा लावायच्या आधी तो काढायचा. एवढं मात्र त्याचं काटेकोर. आगोटीला जे बांधलं ते दसऱ्याला सुटलंच पाहिजे, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. ते भोक शेकोटीच्या पाइपाचं तोंड आहे हे त्याला स्वराजनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. जयवंताला कोणी सांगितलं नाही. तिचं तिकडे काय काम?

यंदा आगोटीला गजानं पत्रा लावला. भाद्रपदात गौरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं.

दसऱ्याला जयवंतानं बंगल्याचं बांधलेलं सगळं सोडलं. खिडक्यांचे कागद काढले, पडवीची ताडपत्री काढली, घडी घालून माळ्यावर टाकली. ते सगळं बांधताना तिनं टोक धरलेलं होतं. पत्र्याजवळ मात्र ती पक्कड घेऊन गेली आणि तशीच परत आली. तो गजानं एकट्यानं लावला होता. ती तेव्हा पोशीरला भाचीच्या हळदीला गेली होती. चार कोपऱ्यांचे चार पीळ, चारी उलटे, प्रत्येकाचं टोक आत वळवलेलं, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. तिला वाटलं, राहू दे. घरातले त्याचे कपडे दिले, चपला दिल्या, त्याची सायकल पुतण्यानं नेली. एवढं एक राहिलं तर कोणाचं काय बिघडतं? त्या दिवसापासून ती भांडी घासताना मान वर करून त्या पिळांकडे बघायची. कोणाला बोलली नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

थंडी यंदा लवकर पडली आणि स्वराज अडकला लोणावळ्याला एका हॉटेलच्या कामात. पंधरा दिवसांनी येतो, म्हणाला. वनिताबाईंचे गुडघे पंधरा दिवस थांबणारे नव्हते. जयवंता म्हणाली, त्याला कशाला बोलवता, तो काय करतो ते मी तीन वर्सं बघतेय, मीच करते. बाई हसल्या आणि त्यांनी स्वराजला फोन करून सांगून टाकलं की घाई करू नकोस, आमची जयवंता इंजिनिअर झालीय.

आणि खरं सांगायचं तर तिनं काम केलं ते स्वराजच्या वरताण. ओंडक्यांना खडूनं आकडे घातले. कागदावर क्रमानं मांडले. दात घासायचा नवा ब्रश घेऊन सालीच्या रेघेरेघेतली धूळ काढली. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. काच अशी पुसली की आहे की नाही कळेना. भिंतीवरच्या डबीचं बटण तेवढं दाबायचं राहिलं. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि सवयीनं वळून चहा ठेवायला आत गेली. या वेळी चहा तिचा आणि बाईंचा. बाहेर बघायला जाणारं कोणी नव्हतंच.

तीन दिवसांनी काच काळी दिसायला लागली. थोडीशीच, वरच्या कोपऱ्यात. जयवंताला तो आपल्या कामाचा अपमान वाटला. तिनं सकाळी गार असताना खिट्ट्या काढून काच पुसली. दुसऱ्या दिवशी परत काळी. तिनं परत पुसली. बाई उठून बाहेर यायच्या आत काच लखलखीत झाली पाहिजे, नाहीतर बाई म्हणणार, बघ, स्वराजलाच बोलवायला हवं होतं. असे आठ दिवस गेले. रोज काच काढायची, पुसायची, लावायची. काढघाल करून कडेची दोरी सैल पडत चालली होती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. जाळही बदलला होता, निळसर होता तो पिवळा आणि लांब झाला. पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला पिवळा जाळ बघून शंका कशाला येईल? ती मनात म्हणाली, आता कुठं हा विस्तवासारखा दिसतोय.

त्याच आठ दिवसांत वनिताबाईंचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या की मळमळ, चहा नको, पेपर नको. अंगणात उन्हाला बसल्या की बरं वाटायचं, आत आल्या की परत तेच. जयवंतानं सुंठ उगाळून लावली. एक दिवस मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्या तव्यावर टाकल्या आणि ठसका लागला नाही म्हणून तिनं निदान केलं की धरणावर फोटो काढायला आलेल्या त्या चार बायकांचीच नजर लागली. बाई नेहमी अशा गोष्टींवर अर्धा तास व्याख्यान द्यायच्या. त्या दिवशी गप्प बसल्या, आणि तेव्हाच जयवंताला खरं म्हणजे भीती वाटायला हवी होती.

मंगळवारी ती सकाळी सातला आली. दार आतून नुसतं लोटलेलं. शेकोटी चालू, आणि समोरच्या खुर्चीत वनिताबाई, मांडीवर शाल, मान एका बाजूला. चेहरा गुलाबी दिसत होता, म्हणून आधी तिला वाटलं डोळा लागला असेल. हाक मारली. परत मारली. खांदा हलवला तर हात खुर्चीवरून घसरून खाली लोंबला.  भाद्रपदात बांधावर गजाचा हात असाच लोंबला होता.

ती ओरडली नाही. बायका ओरडतात असं लोक म्हणतात, पण खरा धक्का बसला की आवाजच फुटत नाही. तिनं बाईंच्या काखेत हात घातले आणि खुर्चीतून ओढत पडवीत आणलं. कसं आणलं ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. गार वारा लागला आणि बाईंनी एक लांब श्वास घेतला. मग जयवंताला आवाज फुटला. शेजारचा वाल्मिक रिक्षा घेऊन आला, आणि भिसेगावच्या पुढच्या एका दवाखान्यात नेईपर्यंत जयवंता बाईंच्या गालावर हळूहळू चापट्या मारत राहिली आणि एकच सांगत राहिली, बाई, झोपायचं नाय.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्त तपासलं, तोंडाला ऑक्सिजन लावला आणि विचारलं, घरात बंद खोलीत काही जळत होतं का? जयवंतानं शेकोटीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्याचाच विषारी वायू आहे, त्याला ना वास ना रंग. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. वाचतील असं वाटतं, पण दोन दिवस नक्की काही सांगता येणार नाही. जयवंता बाकावर बसली. तिच्या डोक्यात एकच फिरत होतं की ओंडके तर आकड्यानं लावले होते.

दुपारी कमलेश आला. आईला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पांढऱ्याचा लाल व्हायला फार वेळ लागला नाही, आणि तो लाल झाला स्वराजवर. वर्षाची सफाई त्याच्याकडे, तो आला नाही, आई मरता मरता वाचली. स्वराज फोनवर सांगत होता की बाईंनीच घाई नको म्हणून सांगितलं. कमलेशला ते पटेना. आई असं कशाला सांगेल? तो म्हणाला, उद्या सकाळी बंगल्यावर ये, काय आहे ते बघू आणि तिथून सरळ पोलीस ठाण्यात जाऊ. तुझं दुकान मी राहू देत नाही. जयवंता शेजारीच उभी होती. सफाई मी केली, एवढे तीन शब्द तोंडाशी आले आणि तिथंच अडकले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिघं बंगल्यात होते. स्वराजचा चेहरा उतरलेला. रात्रभर झोपला नसावा. त्यानं काच काढली, ओंडके बघितले, खडूचे आकडे बघितले. म्हणाला, हे तर बरोबर लावलंय. कडेची दोरी बोटानं दाबून बघितली, ती लोंबत होती. मग तो काच उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहिला.

“मावशी,” तो म्हणाला, “आत एवढी काजळी आहे आणि काच स्वच्छ कशी?”

“मी पुसायची रोज,” जयवंता म्हणाली.

“रोज काळी होत होती?”

तिनं मान हलवली. स्वराजनं काच खाली ठेवली. तो रागावला नाही, तेच तिला लागलं. हळू आवाजात म्हणाला की काच काळी पडणं हीच खूण असते, मावशी. आतला धूर बाहेर जात नाही, मला बंद करा, असं ती सांगत असते.  आठ दिवस ती शेकोटी रोज सांगत होती आणि ही रोज, बाईंनी नावं ठेवू नयेत म्हणून, ते सांगणं फडक्यानं पुसून टाकत होती.

पण हे अर्धंच होतं. धूर बाहेर का जात नव्हता? स्वराज उठला आणि म्हणाला, बाहेरचं बघून येतो.

तीन वर्षं ते शब्द ऐकून ती आत गेली होती. आज पहिल्यांदा ती त्याच्या मागून गेली. घराच्या कोपऱ्यावरून वळली, भांडी घासायचा दगड दिसला, आणि स्वराज थांबला तो नेमका पत्र्यासमोर. त्यानं पत्र्याच्या कडांवरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. म्हणाला, हे बघा साहेब, पाइपाचं तोंडच बंद केलंय कोणीतरी.

तेव्हा जयवंता दगडावर मटकन बसली.  कमलेश काहीतरी मोठ्यानं बोलत होता. गवंड्यांनी लावलं का, की गेल्या वर्षी तूच लावून विसरलास, बोल की. स्वराज शपथा घेत होता. गेल्या दिवाळीनंतर हे नव्हतंच, मी हातानं जाळी साफ केली होती. कमलेशनं खिशातून फोन काढला आणि पत्र्याचा फोटो घेतला, पोलिसांना दाखवायला.

आणि जयवंता दगडावर बसून विचार काय करत होती, ते तिनंच पुढे सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर कोणी विश्वास ठेवला नसता. ती विचार करत होती की गप्प बसलं तर चालेल. स्वराजवर येईल, पोर तरुण आहे, निभावेल. बोललं तर गजावर येईल. मेलेल्या माणसाला काही सांगताही येत नाही. सगळी पळसदरी म्हणेल, गजानं पत्रा लावला आणि बाई मरत होती. ज्यानं जन्मात कोणाचं कुंपण वाकडं बांधलं नाही, त्याचं नाव ह्या पत्र्यासोबत राहील.

स्वराजनं पक्कड काढली आणि पहिल्या कोपऱ्याची तार सोडवायला घेतली. तार सुटेना. त्यानं जोर लावला तशी ती आणखी आवळली. पत्रा करकरला. स्वराजच्या बोटाला तार लागली, रक्त आलं. कमलेश म्हणाला, एक तार सुटत नाही तुला? स्वराज दात आवळून परत त्याच बाजूला फिरवायला लागला.

“उलटा फिरव,” जयवंता म्हणाली. “डावरा हाय तो.”

दोघंही वळून तिच्याकडे बघायला लागले. ती उठली, पदर खोचला, आणि स्वराजच्या हातातून पक्कड घेतली.  चारही कोपरे तिनं एकेक करून सोडवले, उलट्या बाजूला फिरवून. पत्रा हातात आला. मागची जाळी काजळीनं लडबडली होती.

“माज्या नवऱ्यानं बांधला,” ती कमलेशला म्हणाली. “आगोटीला तोच बांधायचा आणि दसऱ्याला तोच सोडायचा. यंदा सोडायचा मला होता. मी नाय सोडला. सफाई पण मीच केली, स्वराज हितं आलाच नाय. त्याला कुठं नेऊ नका. न्यायचं तर मला न्या.”

 कमलेश शहाणा माणूस आहे, फक्त घाबरला की ओरडतो. त्यानं विचारलं, का नाही सोडला?  हातातल्या चार वेटोळ्या तारा तिनं मुठीत धरल्या होत्या, आणि स्वराजनं त्या बघितल्या, तिच्या कपाळाकडे बघितलं, आणि तो मान खाली घालून बोटाचं रक्त पुसायला लागला. त्याला कळलं असावं. पोलीस ठाण्याचं नाव मग कोणी काढलं नाही.

शनिवारी वनिताबाई घरी आल्या. चालताना तोल जात होता, शब्द शोधावे लागत होते, पण डोकं ठिकाणावर होतं. जयवंतानं दोन दिवस मनात घोकून ठेवलं होतं, ते तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. पत्रा, काच, काजळी, सगळं. काहीही राखून ठेवलं नाही. वर म्हणाली, दुसरी बाई बघा, मी उद्यापासून येत नाय. आणि चार तारा टेबलावर ठेवल्या.

बाईंनी आधी भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवलं. ती ओरडली का नाही, विचारलं नाहीस तू, त्या म्हणाल्या. तिचे सेल मी काढले, नवरात्रात, रेडिओला घालायला. परत घालायचे राहिले. कमलेशला सांगायचं माझं धाडस झालं नाही. तेव्हा नोकरी सोडायची तर दोघींनी सोडू या. जयवंताला हसू आलं नाही. ती उभीच राहिली.

मग बाईंनी एक तार उचलली. चष्मा लावून तिचा पीळ बघितला, आत वळवलेलं टोक बघितलं.  नऊ वर्षं त्या माणसाच्या हातचं सगळं घर होतं त्यांचं, तो पीळ कोणाचा हे त्यांना वेगळं काय सांगायचं?

“जयवंता,” त्या म्हणाल्या, “हे तू त्याचं म्हणून ठेवलंस. पण गजानं बांधलेलं दसऱ्याच्या पुढे कधी ठेवलं होतं का गं?”

जयवंतानं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. नऊ वर्षांत एकदाही नाही, तिच्या लग्नापासूनच्या चौतीस वर्षांत एकदाही नाही. बांधलं ते वेळेवर सोडायचं, हेच तर त्याचं होतं. ते तिनं ठेवलं नव्हतं. पत्रा तेवढा ठेवला होता.

भाद्रपदापासून ती रडली नव्हती. त्या दिवशी उंबऱ्यात बसून रडली, दुपार कलेपर्यंत, आणि वनिताबाई शेजारी भिंतीला टेकून बसून राहिल्या. चहा त्या दिवशी बाईंनी केला. साखर घालायची राहिली होती, तरी दोघींनी तो प्यायला.